दोन टोपणं

“कागदले डोया नही ऱ्हातस, माय,” सोनाबाई म्हणाल्या होत्या. कतारगामच्या घराच्या ओट्यावर सूप घेऊन त्या धायटीची वाळलेली लाल फुलं पाखडत होत्या आणि त्यांच्यापासून दोन हातांवर त्यांची सून प्रमिला, मांडीवर पुठ्ठा घेऊन, बाटलीबरोबर द्यायच्या पत्रकाचा मजकूर पक्का करत होती. कागदाला डोळे नसतात. सासूबाईंचं बोलणं ती नेहमी जसं ऐकायची तसंच तिनं हेही ऐकलं, अर्ध्या कानानं, थोडं कौतुकानं, थोडं वरून. “वाचणाऱ्याला असतात की डोळे, आई,” ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली. आपलं उत्तर तिला आवडलं होतं. सोनाबाईंनी सूप एकदा जोरात आपटलं, काड्या-कचरा बाहेर उडाला, आणि त्या पुन्हा पाखडू लागल्या. बोलल्या असत्या, ओरडल्या असत्या, पुठ्ठा हिसकावून घेतला असता तर बरं झालं असतं, असं प्रमिलेला आता वाटत होतं. आता म्हणजे दहा महिन्यांनी, त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरात, सकाळी साडेआठच्या नवसारी एस.टी.त, जेव्हा शेजारच्या बाईनं पिशवीतून ती तपकिरी बाटली काढली आणि तिच्याभोवती रबरानं गुंडाळलेला कागद अलगद सोडवला, तेव्हा.

बाई उधन्याला चढली होती. काखेत झोळी, झोळीत मूल, मुलाच्या डोक्यावर पिवळी लोकरीची टोपी, हातात डबा. “सरका ना जराखं, बाई,” म्हणत ती प्रमिलेच्या शेजारी बसली आणि प्रमिलेनं आपल्या मांडीवरची बेबी खिडकीकडे वळवून घेतली. दीड वर्षाच्या बेबीला सर्दी होती आणि परक्या मुलांचा श्वास तिच्या अंगावर येऊ नये असं प्रमिलेला उगीचच वाटत असे. त्या बाईच्या बोलण्यावरून ती धुळे-शिरपूरकडची हे लगेच कळत होतं. सासरच्या माणसांची भाषा परक्या बसमध्ये कानावर पडली की प्रमिलेला बरं वाटायचं. तसंच आजही वाटलं होतं, बाटली दिसेपर्यंत. बाटलीवरच्या लेबलावर ठसठशीत कुंकवाचा एक बायकी चेहरा होता. रंगाऱ्यानं तो सोनाबाईंचा म्हणून काढला होता, पण कुंकू सोडलं तर त्यात सोनाबाईंचं काहीच नव्हतं. खाली नागरी अक्षरांत ‘सोनाई द्राक्षासव’ आणि त्याखाली तेच गुजरातीत. बाईनं पत्र्याचं टोपण उघडलं, काठोकाठ भरलं, मुलाचं तोंड दोन बोटांनी दाबून ओतलं. मुलानं घोट घेतला. बसमध्ये बिडीचा, केळ्यांचा, डिझेलचा वास होता, आणि त्या सगळ्यातून मनुकांचा तो आंबूस, उबदार वास वर आला. प्रमिलेच्या घराच्या पडद्यांना, उशांना, बेबीच्या दुपट्यांना तोच वास होता. वास आपला पाठलाग करत इथवर आला असं तिला वाटलं.

“पहिलेंदा अर्ध्या टोपणमा झोपी जाये,” बाई आपणहून सांगू लागली. “आते दोन लागतस. मी मागवर बसस. पोर रडनं का मुकादम बाहेर काढस. एवढा खडखडाट चालू ऱ्हास, कोनले कोनाचं ऐकू येत नही, पन पोरगं रडेल त्याले बरोबर ऐकू येस. देखा, लोकेस्ना कान कितला तिखा ऱ्हातस!” ती स्वतःच हसली. मागाच्या कारखान्यात, मागाखालच्या खोक्यात पाच वाजेपर्यंत मूल निजून राहतं, हे तिनं अभिमानानं सांगितलं. खोली भेस्तानलाच होती, रात्रीपुरती ती उधन्याला बहिणीकडे आली होती. “कितवा महिना बाळाला?” प्रमिलेनं विचारलं. “सातवा लागना.” आणि मग तिनं तो कागद पुढे केला. घड्या पडून पडून मधोमध झिरझिरीत झालेला. “बाई, तुमी शिकेल दिखतस. इतलं वाची द्या. दुकानवालानी एकदाव वाचं व्हतं, पन तो गडबडमा ऱ्हास. लहानले द्यावा असं लिखेल शे ना?”

प्रमिलेनं कागद हातात घेतला. ‘आपल्या बळास शांत झोप लागते व आईच्या शिणलेल्या जिवास विसावा मिळतो. लहान मुलांस अर्धा चमचा.’ ‘बाळास’मधला काना छापखान्यानं गाळला होता. हे तिनं पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि तेव्हा दिवसभर हळहळली होती. आताही तिची नजर थेट त्या गाळलेल्या कान्यावर गेली आणि तिथेच राहिली. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला होता. समोरचा म्हातारा वळून त्या दोघींकडे बघत होता. नाही, देऊ नका, असं म्हटलं तर बाई विचारणार, तुम्हाला काय ठाऊक? मग सांगावं लागणार की हा कागद माझा, ही बाटली आमच्या घरची. एवढं सगळं तिच्या मनात एका खड्ड्यावरून बस उडून खाली येईपर्यंत झालं. “हो,” ती म्हणाली. “लिहिलंय.” ते खोटं नव्हतं. तसं लिहिलेलं होतं. “मंग बरं,” म्हणून बाईनं दुसरं टोपण भरलं. भेस्तान आलं तेव्हा खालून कुणीतरी ओरडलं, “शकू, ओ शकू, पाय उचल, भोंगा व्हयना!” आणि ती झोळी सावरत उतरून गेली. कागद प्रमिलेच्या हातातच राहिला होता. तो तिनं घडी घालून पदराखाली घेतला, चोरल्यासारखा.

नवसारीला चुलतबहिणीच्या मुलाचं बारसं होतं. बायका पाळणा म्हणत होत्या, घुगऱ्या वाटत होत्या, आणि ती पाळण्याकडे बघायचं टाळत होती. सुरतेत आल्यापासून तिनं माहेरी लिहिलेल्या पत्रांत एक शब्द न चुकता असे: औषध. ‘आमचं औषध आता व्याऱ्यापर्यंत जातं.’ ‘औषधाच्या कामात यांना वेळ मिळत नाही.’ तिचे वडील धुळ्याला मास्तर. खादी घालत, दारूबंदीच्या प्रभातफेरीत पुढे चालत. स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, “धंदा कसला? तसलं काही नाही ना?” आणि सुकदेव, तिचा नवरा, म्हणजे होणारा, बशीतला चहा खाली ठेवून म्हणाला होता, “औषध आहे, मास्तर. शास्त्रात सांगितलेलं. सरकारी परवाना आहे.” वडिलांच्या चेहऱ्यावरची सुरकुती सुटली. शब्द मिळाला की पुरे होतं त्यांना. त्यांच्यातलं हे प्रमिलेत आलं होतं.

शास्त्राबिस्त्राशी त्या औषधाचा सुरुवातीला काही संबंध नव्हता. छप्पन साली सासरे, उखा, मिलमध्ये मागावर लागले आणि सोनाबाई दोन पातेली, एक पाटा आणि एक रांजण घेऊन सुरतेत आल्या. त्यांची आई शिरपूरकडच्या एका गावात सुईण होती. बाळंतिणीला दहाव्या दिवसापासून घोटभर द्यायचं ते आसव करायचं ती लेकीला शिकवून गेली. काळ्या मनुका कुटून उकळायच्या, गूळ घालायचा, कोमट झालं की धायटीची फुलं टाकायची, आतून तूप चोळलेल्या आणि धूर दिलेल्या रांजणात भरायचं, तोंडावर कापड आणि चिखल लिंपून रांजण भुश्यात पुरायचा. मग ऐकायचं. सोनाबाई रोज सकाळी गुडघ्यावर बसून रांजणाला कान लावत. आत बुडबुड चाललेली असे, दूर कुठे भात रटरटावा तशी. ती थांबली की काडी पेटवून रांजणाच्या तोंडाशी धरायची. काडी विझली तर आणखी थांबायचं, जळत राहिली तर झालं. चाळीतल्या बाळंतिणी येत. पण मागितलं आणि दिलं असं कधी होत नसे. सोनाबाई आधी बाईची पापणी खाली ओढून बघत, नखं दाबून बघत, जीभ काढायला लावत, मूल असेल तर त्याची टाळू चाचपत. “तुले नही,” त्या सरळ सांगत. “तुनं पोट जागावर नही. ताक पे, आठ दिवसनी ये.” बायका रुसून जात आणि आठ दिवसांनी येत. ज्याला बघितलं नाही त्याला दिलं नाही. घरात हा नियम आहे असं कुणी म्हणत नसे, पोळीला तवा लागतो तसं ते होतं.

उखा छातीच्या दुखण्यानं गेले आणि सुकदेव मॅट्रिक होऊन घरात हाताशी आला. एका रांजणाचे चार झाले, चारांचे अकरा. दारूबंदीचं राज्य. आसव चढतं, पण औषध म्हणून त्याला बंदी नाही. हे सुकदेवच्या लक्षात यायच्या आधी गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं. मिलच्या पाळीवरून सुटलेले पुरुष दारात उभे राहून खोकू लागले. “आई, खोकला जात नाही.” सोनाबाई त्यांची जीभ बघून हाकलून देत. पण अडुसष्टच्या तापीच्या पुरात, सुरतेतले लोक ज्याला रेल म्हणतात त्या रेलात, घरातले अकराच्या अकरा रांजण फुटले. सोनाबाई चिखलात खापऱ्या वेचत बसल्या होत्या म्हणे. सुकदेवनं त्याच वर्षी बँकेकडून उचल करून सागवानी पिंपं आणली, कतारगामला पत्र्याची शेड टाकली, परवाना काढला. पिंपं माणसाच्या छातीएवढी उंच. सोनाबाई अजूनही सकाळी जाऊन त्यांना कान लावत. पण फळी जाड, आणि शेजारी हिरे घासायची चाकं, ज्यांना तिथे घंट्या म्हणत, दिवसभर घरघरत. ऐकू काय येणार? प्रमिला सत्तर साली लग्न होऊन आली तेव्हा बाटल्या बारडोलीच्या दुकानांत जात होत्या आणि सासूबाईंकडे पापणी दाखवायला कुणी येत नव्हतं. दुकानदार छगनभाई महिन्याला पेट्या नेई. “बेन, तमारी दवा एकदम फर्स्ट क्लास,” तो प्रमिलेला म्हणे. “मारी खांसी जती नथी. ने साचुं कहुं? मारे जवा देवी पण नथी!” खोकला जात नाही, आणि खरं सांगायचं तर जाऊही द्यायचा नाही. सुकदेव मोठ्यानं हसे. प्रमिलाही हसे. शिकलेल्या माणसाला हसून सोडून देण्याजोगी ती गोष्ट वाटे. पुरुष प्यायचे तर पिऊ देत, आपल्या पत्रांतलं औषध बायकांसाठी आहे, असं तिनं मनात एक कुंपण घालून घेतलं होतं.

मग बेबी झाली आणि झोपेना. चार महिने. रडून रडून निळी पडायची. प्रमिला तिच्या नाकाशी हातआरसा धरून बघायची, वाफ धरते की नाही. कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेली मुलगी दिवसातून वीस वेळा आरसा धरत होती. एका दुपारी सोनाबाईंनी बेबीला तिच्या हातातून घेतलं. उजेडात नेलं. ओठ बघितले, नखं बघितली, टाळूवर तळवा ठेवून कितीतरी वेळ बसल्या, लंगोटाचा वाससुद्धा घेतला. मग करंगळी आसवात बुडवली, झटकली, आणि करंगळीचं जे ओलं उरलं ते बेबीच्या जिभेला लावलं. तेवढंच. बेबी झोपली, आणि तिच्या शेजारी प्रमिला झोपली, चार महिन्यांत पहिल्यांदा. उठली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं आणि तिला रडू आलं होतं. “आई, रोज द्यायचं?” तिनं विचारलं. सोनाबाई चमकून म्हणाल्या, “रोज? येडी व्हयनी का? एकदाव. बस.”

ती दुपार तिनं कागदावर आणली, एवढंच तिचं म्हणणं. सुकदेव म्हणाला होता, “बायकांनी घ्यावं असं काहीतरी लिही. तू बी.ए. आहेस.” कॉलेजच्या वार्षिकाकडून तिची एक कविता तीनदा साभार परत आली होती. आता छापायचं होतं, हजारोंनी छापायचं होतं. ‘शिणलेल्या जिवास विसावा’ हे शब्द तिला सुचले तेव्हा अंगावर काटा आला. ते खरे होते. त्या दुपारी तिला खरंच विसावा मिळाला होता. सुकदेवनं विचारलं, “मुलांची मात्रा काय टाकू?” करंगळीचं ओलं. ते कसं छापणार? हसले असते लोक. “अर्धा चमचा,” ती म्हणाली. नुसती म्हणाली. वजन करून नाही, कुणाला विचारून नाही. वाक्य तिथे पूर्ण व्हायला एक आकडा हवा होता, आणि अर्धा हा आकडा तिला सौम्य वाटला. तेव्हाच सोनाबाई सूप पाखडत होत्या. तेव्हाच त्या ते म्हणाल्या होत्या.

नवसारीहून आल्यावर दोन दिवसांनी तिनं जेवताना विषय काढला. “ते लहान मुलांचं वाक्य काढून टाकूया का?” सुकदेवनं घास तसाच धरला. “का गं? तेच तर चालतं. छगन सांगतो, बायका बाटलीआधी कागद मागतात.” तो तिच्याकडे पाहून हसला, अगदी मनापासून. “आई नावाला, मी हमालीला. कारखाना उभा राहतोय तो तुझ्या वाक्यावर.” आणि प्रमिलेला, काही क्षण, भातावर आमटी ओतता ओतता, बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला नंतर बसमधल्या ‘हो’पेक्षाही जास्त लागलं. आपल्याच अंगाला आलेली घाण आपल्याच नाकाला कळावी तसं. तिनं शकूचं नाव घेतलं नाही. कोण शकू, म्हणून त्यानं विचारलं असतं, आणि तू काय म्हणालीस तिला, म्हणूनही.

सुकदेवनं नव्या कारखान्यासाठी जागा घेतली होती ती भेस्तानलाच. संक्रांतीनंतर चार दिवसांनी तिथे नारळ फोडायचा होता. डोळे दुखतात म्हणून सोनाबाई घरी राहिल्या. बेबीला त्यांच्याजवळ ठेवून प्रमिला गेली. हिरवी साडी, नथ, हातात ताट. मोकळ्या प्लॉटपलीकडे मागांचे कारखाने आणि त्यांना लागून पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या. त्या खोल्यांतल्या बायका-मुलं कुंपणाशी बघायला जमली. दोन हातांनी पेढे वाटताना तिचे डोळे फक्त टोप्या शोधत होते. लाल होती, निळी होती, पांढऱ्या फडक्याची होती. पिवळी नव्हती. मग एका बाईला पेढा देत तिनं हळूच विचारलं, “इथं शकू राहते का? मागावर जाते. लहान मूल आहे.”

“कोन्ती शकू? आठे चार शकू शेतस,” बाई पेढ्याचा तुकडा मोडत म्हणाली. “एक शिरपूरनी, ती मागवर जाये. पन ती गई गावले. पोर जागंच होत नव्हतं म्हने नीट, मंग तिनी सासू लेवाले उनी.” तिच्या शेजारची लगेच म्हणाली, “अवं ती नही, ती नवापूरनी. शिरपूरनी आठेच शे. त्या मांगला लाईनमा.” दोघींचं जुंपलं. “तुले काय ठाऊक?” “तुलेच लई ठाऊक!” मागची लाईन म्हणजे शंभर पावलं. प्रमिलेनं ताट खाली ठेवलं. ती चाळीस पावलं गेली असेल. तेवढ्यात एक म्हातारी समोर आली, तिच्या नथीकडे, साडीकडे पाहून दोन्ही हात जोडून म्हणाली, “तुमीच ना दवावाल्या शेठानी? लई पुन्य लागी तुमले. आमनी नात असी झोपस...” आणि पलीकडून सुकदेवची हाक आली, “प्रमिला, आरती!” ती वळली. शंभरातली साठ पावलं उरली होती. हा आकडा तिनं नंतर किती वेळा मोजला असेल. आरतीच्या ताटातला कापूर जळत राहिला, विझला नाही, आणि तिला वाटलं, रांजणाच्या तोंडाशी धरलेली काडी अशीच जळत राहिली की सासूबाई म्हणायच्या, झालं. काय झालं?

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती शेडमध्ये गेली. सोनाबाई पिंपाला टेकून बसल्या होत्या. कान लावून, की नुसत्याच, कळत नव्हतं. बेबी त्यांच्या मांडीवर धायटीची फुलं उधळत होती. प्रमिलेनं सगळं सांगितलं. बस, टोपण, कागद, हो लिहिलंय, साठ पावलं. सांगताना ती वाट बघत होती की आता त्या म्हणतील, मी सांगितलं होतं. तिला ते ऐकायचं होतं. ते ऐकलं की रडता आलं असतं.

सोनाबाईंनी विचारलं, “व्हट कसा व्हतात पोरना?”

“अं?”

“व्हट. लाल का काळाशार?”

प्रमिला आठवू लागली. घोट गिळताना तोंड हललं होतं. ओठ? “नखं देखी?” नाही. “मान धरे का?” झोळीत होतं. “डोया उघाडा का? टोपण लावं तवय तरी?” प्रमिलेला झोळीचं कापड आठवलं, पिवळी टोपी आठवली, टोपीचा सुटलेला एक धागा आठवला. टोपीच्या आत चेहरा असायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. “आंडोर व्हता का आंडेर?” सोनाबाईंनी शेवटी हळूच विचारलं. मुलगा होता की मुलगी, तेही तिला सांगता येईना. स्वतःच्या मुलीच्या नाकाशी आरसा धरणारी, बेबीच्या पापण्यांचे केस मोजून ठेवलेली ती. टीचभर अंतरावर, अर्धा तास.

“मंग तू देखं काय?”

“कागद,” प्रमिला म्हणाली. “छापताना एक काना गळला होता. तो बघत होते.”

घंट्यांची घरघर भिंतीतून येत होती. सोनाबाईंनी बेबीच्या मुठीतली फुलं एकेक करून सोडवून घेतली. “मीबी काय देखं?” त्या म्हणाल्या. “सुकदेवनी माझं नाव टाकं बाटलीवर. मी म्हन्तं, टाकू दे, पोऱ्या खूश व्हई. ह्या लाकडाले पाच वरीस मी कान लावस. एक दिवस काही ऐकू उनं नही. पन बसस आपली, कोनी इचारालेच नको म्हनीसन.” मग बेबीला प्रमिलेच्या हातात देत म्हणाल्या, “ते पोर ज्यानी नजरमा पडी, त्यानी देखाले पाहिजे. आपन आता जाईसन काय सापडी, काय नही. पन देखाले पाहिजे कोनीतरी.”

बुधवारी लारीवाला नेहमीप्रमाणे पेट्या न्यायला येणार होता. भेस्तान, उधना, बारडोली, सगळीकडच्या. मंगळवारी सकाळी सुकदेव छगनकडे गेला आणि प्रमिलेनं पत्रकांचे गठ्ठे ओट्यावर आणले. मागची बाजू कोरी होती. तिनं पहिला कागद लिहिला, फाडला. त्यात ‘कृपावंत वाचकहो’ आलं होतं. दुसरा फाडला, त्यात तिच्या पश्चात्तापाबद्दल तीन ओळी होत्या आणि त्या चांगल्या उतरल्या होत्या. तिसरा साधा लिहिला, दुकानदारानं गडबडीत वाचून दाखवला तरी कळेल असा. मग तोच पुन्हा पुन्हा. बोटं दुखू लागली. समोर ‘लहान मुलांस अर्धा चमचा’वर ती दर वेळी आडवी रेघ मारत होती, जाड, शाई पाझरून मागे उतरेपर्यंत. सोनाबाई शेजारी बसून कागदाच्या घड्या घालत होत्या, वाचता येत नव्हतं तरी प्रत्येक कागद आधी डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. सुकदेव आल्यावर काय होईल, परवान्याचं काय होईल, भेस्तानच्या प्लॉटवरच्या खुंट्या कोण उपटेल, वडिलांना ती आता काय लिहील, हे सगळं ओट्याच्या पायरीशी येऊन उभं होतं आणि ती त्याला आत घेत नव्हती. बेबी रडायला लागली. तिला रडू दिलं. रडणं ऐकत ऐकत तिनं लिहिलं:

‘ही बाटली लहान मुलाला देऊ नका. थेंबसुद्धा नाही. मागच्या बाजूला द्या असं छापलं आहे ते मी लिहिलं होतं, आणि ते मी माझ्याच मनानं, कुणाला न विचारता लिहिलं होतं. आता एक काम करा. भेस्तानला मागांच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथं शकू नावाची बाई राहते, शिरपूरकडची, बोलकी आहे, हसते. तिचं मूल डिसेंबरात सात महिन्यांचं होतं. डोक्यावर पिवळी टोपी, कडेचा एक धागा सुटलेला. मुलगा की मुलगी ते मला माहीत नाही. ती तिथं नसेल तर शिरपूरच्या बाजूला विचारा. मी तिच्या शेजारी बसले होते, तिनं मला विचारलं, आणि मी हो म्हणाले. ती भेटली तर तिला सांगा की तिचं चुकलं नाही. आणि टोपी काढून मुलाचा चेहरा उजेडात घ्या. ओठ बघा, नखं बघा. मोठ्यानं हाक मारा. ते डोळे उघडतं का, तेवढं बघून या.’